गॅरेजच्या भिंतीवर चार डोळ्यांचा पतंग, ओळख पटवायला मदत हवी (एडिसन, न्यू जर्सी)

मोहाडीकर | ७ जून, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. काल रात्रीपासून घरात एकच विषय चाललाय, म्हणून इथे विचारते. फोटो तीनदा चढवून पाहिला, जात नाहीये. तोवर वर्णन वाचून जाणकारांनी सांगावं.

रात्री अकराच्या सुमारास गॅरेजबाहेरच्या दिव्याखाली, विटांच्या भिंतीवर एक भला मोठा पतंग येऊन बसला. सकाळीही तिथेच आहे. लेकीने पट्टी दुरूनच धरून मोजला, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १३ सेंटीमीटर. रंग वाळलेल्या सागाच्या पानाचा. पुढच्या पंखांची वरची कड राखाडी. त्या दोन्ही पंखांवर मधोमध एकेक छोटा गोल, पिवळ्या कडेचा. नाक लावण्याइतकं जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की आतला भाग रंगाचा नाहीच, तो पारदर्शक आहे. त्यातून मागची वीट दिसते!

मागचे पंख झाकलेले होते. लेकीने हळूच फुंकर मारली तर त्याने पुढचे पंख झटकन वर ओढले आणि खालून दोन मोठे डोळे आमच्याकडे बघायला लागले. पिवळं कडं, त्यावर निळी झाक, भोवती काळं. दोघी दोन पावलं मागे सरलो. मागच्या पंखांच्या कडेने एक काळी पट्टी जाते, तिला गुलाबीसर किनार आहे.

नवऱ्याचे मित्र म्हणतात सिक्रोपिया. शेजारीण म्हणते आयो. आणि माझी आई सहा महिन्यांसाठी भंडाऱ्याहून आलीय, ती चहाचा कप घेऊन बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "अवं, हे त आपल्या कोशाचं पाखरू! इथं कसं आलं?" आईचं माहेर आंधळगावचं, टसर रेशीम विणणाऱ्या घरांच्या शेजारचं. आम्ही हसण्यावारी नेलं, पण ती आपल्या म्हणण्यावर ठाम आहे. नक्की कोण बरोबर?

सावलीतली_शाई | ७ जून, सकाळी ९:५२

वर्णन वाचूनच अंगावर काटा आला. फोटो येऊ द्याच.

ओसरी | ७ जून, सकाळी १०:०५

आमच्या धाकट्याला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न: "चार डोळे म्हणजे त्याला चष्मा लागलाय का?"

रानवाट_कॅरोलिना | ७ जून, सकाळी १०:३०

मोहाडीकर, इतकं नेमकं वर्णन केलंय की फोटोची गरजच नाही. हा पॉलीफीमस पतंग. शास्त्रीय नाव अँथेरिया पॉलीफीमस. दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत सापडतो, अमेरिकेतल्या मोठ्या रेशीम पतंगांपैकी सगळ्यांत जास्त पसरलेला. पंखांचा विस्तार साधारण १० ते १५ सेंटीमीटर, म्हणजे तुमचा १३ अगदी बसतो.

खात्रीची खूण म्हणजे तुम्ही पाहिलेली ती खिडकी. त्या जागी पंखावर खवलेच नसतात, म्हणून आरपार दिसतं. रंगावर मात्र विसंबू नका. एकाच गावात फिकट बदामी, पिवळसर आणि चांगला तांबूस असे तिन्ही मला मिळालेत. मी आधी खिडकी बघतो, मग मागच्या पंखावरचा निळा-काळा डोळा आणि कडेची गुलाबी किनारीची पट्टी.

सिक्रोपिया नाही, हे डोळे झाकून सांगतो. त्याचं अंग तांबडं आणि त्यावर पांढरे पट्टे असतात, पंखांवर डोळ्याऐवजी चंद्रकोर असते. एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

आता एक सांगा. डोक्यावरच्या शृंगिका कशा आहेत? फणीसारख्या रुंद, की बारीक?

टेक्सासचा_तुकडा | ७ जून, सकाळी ११:१०

मला तरी आयो वाटतोय. ह्यूस्टनला आमच्या अंगणात दोन वर्षांपूर्वी तपकिरी पतंग आला होता, मागच्या पंखांवर असेच टपोरे काळे-निळे डोळे. शेजारणीचं बरोबर असू शकतं.

रानवाट_कॅरोलिना | ७ जून, सकाळी ११:२५

तुम्ही पाहिलेली आयोची मादी असणार, ती तपकिरी असते. नर पिवळाधमक. पण आयो बराच लहान, ९ सेंटीमीटरच्या पुढे सहसा जात नाही. त्याचे ठळक डोळे मागच्या पंखांवर दोनच, आणि पुढच्या पंखांवर अशी काचेची खिडकी नसते. इथे तर खिडकीतून वीट दिसतेय.

टेक्सासचा_तुकडा | ७ जून, सकाळी ११:३१

बरोबर, खिडकी नव्हती. मागे घेतो. आयोच्या अळीबद्दल मात्र सगळ्यांना सांगून ठेवतो. हिरवी, कडेने लाल-पांढरी रेघ, अंगभर काटे. दिसायला गोजिरी, पण माझा हात लागला आणि दुपारभर आग आग झाली. मुलांना हात लावू देऊ नका.

आरमोरीचा | ७ जून, रात्री ८:१५

हा धागा बघून कामातून उठून लिहायला बसलो. मोहाडीकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना हसू नका, त्यांनी तुमच्या सगळ्यांपेक्षा जवळचं उत्तर दिलंय.

आपल्याकडचा टसरचा पतंग म्हणजे अँथेरिया मायलिट्टा. हा अँथेरिया पॉलीफीमस. आडनाव एकच! सख्खे नाहीत, पण चुलत घराणं तेच. मायलिट्टाच्याही चारही पंखांवर असेच गोल असतात आणि त्यांच्या मध्ये अशीच आरपार खिडकी. नर तांबूस, मादी पिवळसर किंवा राखाडी. ज्या बाईंनी लहानपणी कोशातून निघालेली पाखरं पाहिलीत, त्यांना न्यू जर्सीच्या भिंतीवर तोच चेहरा दिसणार. इतर कुणी रंग पाहिला, कुणी आकार पाहिला, आईंनी ठेवण ओळखली.

माझं बालपण गडचिरोली जिल्ह्यात गेलं. आमच्याकडे ढिवर समाजातले लोक पिढ्यान् पिढ्या कोसा, म्हणजे टसरचा कोष, काढतात. अळ्या घरात टोपल्यांत वाढवत नाहीत, जंगलात ऐनाच्या झाडांवर सोडतात. मग दिवसभर राखण. कावळे आणि इतर पाखरं टपलेली असतात, त्यांना हाकलायला गोफण. पावसाळ्यात त्या झाडांखाली उभं राहिलं तर वरून बारीक सर पडल्यासारखा आवाज येतो, तो अळ्यांच्या लेंड्या पानांवर पडण्याचा. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

एक फरक आईंना आवर्जून सांगा. आपल्या कोशाला देठ असतो. अळी आधी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, त्याला लांब देठ काढते आणि मग खाली अंड्यासारखा टणक कोसा बांधते. तो फांदीवर घट्ट लटकून राहतो. पॉलीफीमसचा कोष पानांत गुंडाळलेला असतो, त्याला असा देठ नसतो, आणि बऱ्याचदा तो पानगळीत पानाबरोबर जमिनीवर येतो.

खडूफळा | ७ जून, रात्री ८:४०

आरमोरीचा, सुंदर लिहिलंय. नावाबद्दल माझी छोटी भर. पॉलीफीमस हा होमरच्या ओडिसीमधला एकाक्ष राक्षस, कपाळावर एकच डोळा असलेला. मागच्या पंखावरच्या त्या मोठ्या डोळ्यावरून हे नाव १७७६ मध्ये क्रामर या डच अभ्यासकाने दिलं. वर्गात मुलांना हे सांगितलं की एक तरी मूल विचारतंच, "मग याला चार कसे?"

वेलदोडा | ७ जून, रात्री ९:०२

जरा अवांतर. 'पतंग' म्हटलं की मुलांना संक्रांतीचा पतंगच आठवतो. आमच्या कोकणात आजी याला पाकोळी म्हणायची, मोहाडीकरांच्या आई पाखरू म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?

ओसरी | ७ जून, रात्री ९:२०

आमच्याकडे साताऱ्याला लहानमोठं सगळं पाखरूच. सिंधुदुर्गात मामाच्या घरी ॲटलास पतंग आला होता, तेव्हा गाव लोटला होता बघायला. त्याच्याही पंखांवर खिडक्या होत्या, तिकोनी.

करवतकाठी | ७ जून, रात्री ९:३८

टसरचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. माझ्या आजेसासूबाईंची करवतकाठी साडी माझ्याकडे आहे. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, अंगाला टसरचा तो मधाळ रंग. सासूबाई सांगतात, पूर्वी घरोघरी बायका कोसे उकळून मांडीवर धागा वळायच्या. मोहाडीकर, आईंना आठवत असेल तर विचारा ना.

बॉस्टनची_बखर | ८ जून, सकाळी ७:१५

काल रात्रीच लिहायचं होतं. या पतंगाची एक गोष्ट आमच्या गावाशेजारची आहे आणि ती टसरला जाऊन भिडते.

बॉस्टनजवळ मेडफर्डमध्ये लिओपोल्ड ट्रूव्हलो नावाचा फ्रेंच गृहस्थ राहायचा. १८६० च्या दशकात त्याच्या डोक्यात आलं की चीनच्या रेशीमकिड्यावाचून, इथल्याच रानातल्या किड्याचं रेशीम का काढू नये? सगळे पतंग पारखून त्याने निवडला तो हाच पॉलीफीमस. म्हणजे मोहाडीकरांच्या आईंच्या डोळ्याने जे हेरलं, तेच त्याने हेरलं. घरामागची पाच एकर झाडी त्याने जाळ्यांनी झाकली. १८६५ मध्ये तिथे दहा लाखांच्या वर अळ्या होत्या, असं त्यानेच १८६७ च्या लेखात लिहिलंय. ५६ दिवसांत एक अळी जन्माच्या वेळच्या स्वतःच्या वजनाच्या ८६,००० पट पाला खाते, हा हिशेबही त्याचाच.

पुढे मात्र वाईट झालं. त्याने युरोपातून दुसऱ्याच एका पतंगाची अंडी आणली, आणि १८६८-६९ च्या सुमारास त्या अळ्या त्याच्या घरातून निसटल्या. तो जिप्सी मॉथ, ज्याला २०२२ पासून स्पंजी मॉथ म्हणतात. वीस वर्षांत त्याने मेडफर्डची झाडं बोडकी केली आणि आजही तो पूर्वेकडचे ओक खातोय. ट्रूव्हलोचा रेशमाचा धंदा बसला. तो आकाशदर्शनाकडे वळला आणि हार्वर्डच्या वेधशाळेत त्याने ग्रहांची अप्रतिम चित्रं काढली. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे.

याचा शेवट मला सगळ्यांत जास्त लागतो. स्पंजी मॉथला आवर घालायला १९०६ मध्ये युरोपातून एक माशी आणून सोडली, कॉम्प्सिल्युरा नावाची. ती आपली पिल्लं जिवंत अळीच्या आत सोडते. पण ती एका जातीवर थांबली नाही, दोनशेच्या आसपास जातींच्या अळ्यांवर गेली. २००० साली मॅसॅच्युसेट्समधला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सिक्रोपियासारख्या मोठ्या रेशीम पतंगांच्या ऱ्हासात या माशीचा मोठा वाटा दिसला. ज्या माणसाला या पतंगांचं इतकं वेड होतं, त्याच्या घरून सुटलेल्या संकटावरचा उपाय याच घराण्याच्या मुळावर आला.

तेव्हा मोहाडीकर, तुमच्या भिंतीवर आलाय तो सहज आलेला नाही. दिवा मालवा आणि त्याला जाऊ द्या.

गावठाण | ८ जून, सकाळी ८:०५

सगळं खरं, पण दुसरी बाजूही मांडतो. आमच्या घरामागच्या ओकची पानं स्पंजी मॉथने सलग दोन वर्षं फस्त केली, एक झाड वाळलं. फवारणी केली नसती तर उरलेलंही गेलं असतं. झाडं राहिली तरच पॉलीफीमस राहणार ना?

बॉस्टनची_बखर | ८ जून, सकाळी ८:३०

गावठाण, झाड वाळताना बघणं काय असतं ते मलाही माहीत आहे. फक्त फवारा सरसकट नको. स्पंजी मॉथची अंडी हिवाळ्यात खोडावर बदामी लोकरीच्या थापीसारखी दिसतात. ती तेव्हाच खरवडून साबणाच्या पाण्यात टाकली तर वसंतातली अर्धी लढाई जिंकता येते आणि बाकीच्या अळ्या वाचतात.

मिसिसागाची_मावशी | ८ जून, दुपारी १:२०

माझी चूक सांगते, दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये म्हणून. एका ऑक्टोबरमध्ये पानं गोळा करताना मला असाच कोष मिळाला. थंडीत मरेल म्हणून मायेने घरात आणला, स्वयंपाकघरातल्या फळीवर वाटीत ठेवला. घरातल्या उबेने त्याला वसंत आला असं वाटलं. जानेवारीत एका सकाळी वाटीत खुडखुड, आणि पडद्यावर ही एवढी मादी पंख वाळवत बसलेली. बाहेर गुडघाभर बर्फ. त्यांना तोंडच नसतं, काही खातापिता येत नाही, कोशातल्या शिदोरीवरच जगतात. ती आठ दिवस पडद्यावर बसून होती. अजून तो पडदा धुताना आठवते.

कोष मिळाला तर घरात आणू नका. जाळीच्या पेटीत घालून बाहेरच, सावलीत ठेवा. थंडी त्यांना हवीच असते.

ॲरिझोनाची_ऊब | ८ जून, संध्याकाळी ५:४५

आमच्या टूसॉनकडच्यांसाठी एक सावधगिरी. इथे याचा भाऊ राहतो, अँथेरिया ऑक्युलिया. डोळ्यांभोवतीची कडी जास्त ठळक आणि गडद. नैर्ऋत्येत असाल तर लगेच पॉलीफीमस म्हणून मोकळे होऊ नका. न्यू जर्सीत तो प्रश्न नाही.

मोहाडीकर | ८ जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आरमोरीचा यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "चुलत घराणं" ऐकून ती गप्प बसली, मग म्हणाली, "मी सांगत होते ना." करवतकाठी, हो, तिच्या शेजारच्या काकू मांडीवर धागा काढायच्या, मांडीचे केस उडून कातडी गुळगुळीत झाली होती म्हणे.

रानवाट, शृंगिका बारीक आहेत आणि पोट चांगलं फुगीर. म्हणजे मादी का? काल संध्याकाळी ती उडून गेली, पण जिथे बसली होती तिथे विटेच्या खाचेत अकरा अंडी आहेत. चपटी, टिकलीएवढी, कडेने तपकिरी पट्टा. आता काय करू?

रानवाट_कॅरोलिना | ८ जून, रात्री १०:२५

मादीच. नराच्या शृंगिका रुंद पिसासारख्या असतात, मादीचा गंध दूरवरून हेरायला. अंडी अलगद सोडवून डबीत ठेवा, दहाएक दिवसांत फुटतील. मग ओक, मेपल किंवा बर्चची ताजी, न फवारलेली पानं. एकदा ओक दिला की शेवटपर्यंत ओकच द्या.

मोहाडीकर | १९ जुलै, सकाळी ११:००

धागा वर काढतेय. अकरातल्या नऊ फुटल्या, सात अळ्या राहिल्या. सगळी जबाबदारी आईने घेतलीय, रोज सकाळी ओकच्या डहाळ्या बदलते, खालचा कागद झाडते. आता करंगळीहून जाड झाल्यात, पोपटी हिरव्या, अंगावर तांबडे ठिपके. माझी मैत्रीण म्हणते या ल्यूना पतंगाच्या आहेत. आणि एक नवल: आईने एकीला चुकून बोट लावलं तर टिक टिक टिक असा आवाज आला, नखावर नख आपटल्यासारखा. आई घाबरली नाही, पण मी घाबरले.

रानवाट_कॅरोलिना | १९ जुलै, सकाळी ११:४०

अंडी तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, तेव्हा ल्यूनाचा प्रश्न नाही. पण रानात सापडली तर अशी ओळखा: ल्यूनाच्या अळीला कुशीला लांबीने जाणारी पिवळी रेघ असते. पॉलीफीमसला तशी नसते, तिच्या पिवळ्या रेघा तिरप्या उभ्या, श्वासाच्या छिद्रांवरून जाणाऱ्या.

आवाज तिच्या जबड्यांचा. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये यावर लिहिलंय. आधी टिकटिक, न ऐकल्यास तोंडातून तपकिरी पाणी. ते मुंग्यांना आणि उंदरांना आवडत नाही. आधी इशारा देते, मग थुंकते.

आरमोरीचा | १९ जुलै, दुपारी १२:१५

नवातल्या सात टिकवल्यात, म्हणजे आईंच्या हाताला गुण आहे. आमच्याकडे एवढं यश आलं तर ऐनाला नारळ फोडला असता.

मोहाडीकर | ६ सप्टेंबर, रात्री ९:५०

सहा कोष झाले, एक अळी गेली. पाच जाळीच्या पेटीत गॅरेजच्या उत्तरेला, मावशींनी सांगितल्याप्रमाणे. अंगणातली पानं यंदा यंत्राने उडवायची नाहीत असं घरात ठरलंय, ओकखालचा कोपरा तसाच राहील.

सहावा आईने हातात घेऊन बराच वेळ फिरवला. पान चिकटलेलं, आत पांढरट टणक कोष, हलवलं की आतून जड टकटक. म्हणाली, "याला देठ नाही. वाऱ्यानं पडंल बिचारं." काल तिचं विमान होतं. सामान बांधून झाल्यावर ती मागच्या अंगणात गेली आणि साडीच्या फॉलला वापरते तो दोरा घेऊन तो कोष तिने ओकच्या खालच्या फांदीला बांधला. आधी फांदीभोवती कडं, मग लांब देठ. आरमोरीचा, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसा.

आरमोरीचा | ६ सप्टेंबर, रात्री १०:०५

दोरा सुती आहे ना? मग हिवाळा काढेल. मे महिन्यात फांदीवर लक्ष ठेवा. कोषाचं वरचं टोक ओलं दिसलं की समजा पाखरू निघतंय. आतून पाझरलेल्या रसाने रेशमाचा डिंक विरघळतो, ती वाट त्याची त्यालाच करू द्या. आणि आईंना त्या दिवशी व्हिडिओ कॉल करा, वेळ कुठलीही असो.